मानांकनाची मोहोर आणि पदवीचे मोल

मुंबईत जून २०२५ मध्ये झालेल्या एका समारंभात पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबई परिसरात शाखा उघडण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. ब्रिटनमधील ॲबर्डीन आणि यॉर्क, ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील डिझाइनचे शिक्षण देणारी एक संस्था अशी ही नावे होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांसाठी जी नियमावली केली, तिचे हे फळ. गुजरातेतील गिफ्ट सिटीत ऑस्ट्रेलियाच्या डीकिन विद्यापीठाचे वर्ग त्याआधीच, २०२४ साली, सुरू झाले होते.

परदेशी शिक्षण असे दाराशी येऊन उभे राहिले, की त्याच्याबरोबर त्याची परिभाषाही येते. व्यवस्थापनाच्या पदव्यांच्या बाबतीत तर ती आधीच येऊन पोहोचली आहे. पदवी परीक्षांचे निकाल लागले, की वृत्तपत्रांची पाने व्यवस्थापन संस्थांच्या जाहिरातींनी भरून जातात. इमारतीचे चित्र, नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांचे हसरे चेहरे आणि सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ही त्यांतील सामग्री जुनीच आहे. अलीकडे तळाशी दोन-तीन शिक्के दिसू लागले आहेत आणि त्यांखाली ‘आंतरराष्ट्रीय मानांकनप्राप्त’ हे शब्द. मुलाला वा मुलीला एम.बी.ए. करावयाचे आहे, घरात एक पगार आहे, भविष्यनिर्वाह निधीत थोडी शिल्लक आहे आणि उरलेली रक्कम बँकेकडून कर्जाऊ घ्यावयाची आहे, अशा कुटुंबाने या शिक्क्यांचे काय करावयाचे? त्यांच्यासाठी दहा-पंधरा लाख रुपये अधिक मोजावेत काय? हा प्रश्न ‘परदेशी ते चांगले’ या समजुतीवर सोपविता येणार नाही, आणि ‘ही सारी धूळफेक आहे’ असे म्हणून झटकूनही टाकता येणार नाही. हे शिक्के काय सांगतात आणि कोणत्या बाबतीत मौन पाळतात, हे शांतपणे पाहावे लागेल.

तीन शब्दांचा घोटाळा

पहिला गोंधळ शब्दांचा आहे. मान्यता, मानांकन आणि क्रमवारी हे तीन शब्द जाहिरातीत एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. वस्तुतः त्यांचे अर्थ भिन्न आहेत. मान्यता हा कायद्याचा विषय आहे. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे आपल्याकडे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने ठरविले. तंत्रशिक्षण व व्यवस्थापन शिक्षणाच्या नियंत्रणासाठी १९८७ च्या कायद्याने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार दिले. कायद्याची ही रेषा इतकी कडक आहे, की १९६१ पासून सुरू झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, अनेक दशके केवळ पदव्युत्तर पदविकाच देत होत्या. एम.बी.ए. ही पदवी देण्याचा अधिकार त्यांना २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने मिळाला.

मानांकन ही कायद्याच्या वरची पायरी. संस्था चालविण्याचा अधिकार असलेली संस्था ते काम नीट करते काय, याची ती तपासणी. देशात हे काम १९९४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषद (नॅक) आणि नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन करतात. परदेशी मानांकन संस्था याच वर्गात मोडतात. फरक इतकाच, की त्या खाजगी व स्वेच्छेवर आधारलेल्या आहेत आणि भारतीय कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या शिक्क्याला स्वतंत्र असे वजन नाही. तिसरी गोष्ट क्रमवारीची. ती संस्थांची एकमेकींशी तुलना करते आणि दरवर्षी बदलते. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होत आहे.

मान्यता म्हणजे परवाना, मानांकन म्हणजे ग्वाही आणि क्रमवारी म्हणजे शर्यतीचा निकाल, असे स्थूलमानाने म्हणता येईल. परवान्याची उणीव ग्वाहीने भरून निघत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. परदेशी संस्थांशी ‘सहकार्य’ करून पदव्या देऊ करणाऱ्या महाविद्यालयांबद्दल व शिक्षण कंपन्यांबद्दल अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसंबंधी एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने जे नियम केले, त्यांत फ्रँचायझी पद्धतीने मिळविलेली पदवी ग्राह्य धरली जाणार नाही, असे म्हटले आहे. अशा पदवीच्या कागदावर मूळ परदेशी विद्यापीठाचे कितीही शिक्के असोत, सरकारी नोकरीच्या वा पुढील संशोधनाच्या दारात ते उपयोगी पडावयाचे नाहीत.

देशी मान्यतेचे चित्रही सरळ नाही. बी.बी.ए., बी.एम.एस. यांसारखे पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू झाली. तेव्हा काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वाणिज्य शाखेत नेऊन बसविला. पाटी बदलली, वर्ग तोच राहिला. म्हणून शिक्के मोजण्यापूर्वी पदवीचे नेमके नाव काय आणि ती कोण देणार, हे दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

तीन मोहोरांची कुळकथा

व्यवस्थापन शिक्षणाच्या क्षेत्रात आज तीन आंतरराष्ट्रीय मोहोरा प्रतिष्ठित मानल्या जातात. सर्वांत जुनी अमेरिकेची एएसीएसबी. हार्वर्ड, कोलंबिया, शिकागो, पेनसिल्व्हानिया आदी विद्यापीठांच्या व्यापारशिक्षण विभागांनी एकत्र येऊन १९१६ साली ही संघटना स्थापन केली आणि १९१९ मध्ये पहिले निकष ठरविले. लंडनमधील अँबा ही संस्था १९६७ साली निघाली. ती मूळची व्यवस्थापन पदवीधरांची संघटना. तिसरी इक्विस. ब्रुसेल्समधील ईएफएमडी या संस्थेने १९९७ साली ती सुरू केली. एएसीएसबी आणि इक्विस संपूर्ण संस्थेची तपासणी करतात, तर अँबा एम.बी.ए.सारख्या विशिष्ट अभ्यासक्रमाची. तिन्ही मोहोरा असलेल्या संस्था जगातील एकूण व्यवस्थापन संस्थांच्या सुमारे एक टक्का भरतात.

तपासणीची पद्धत साधारणतः सारखीच आहे. संस्था प्रथम आपले आत्मपरीक्षण लिहून काढते. प्राध्यापकांची पात्रता, त्यांचे संशोधन, अभ्यासक्रमाची उद्दिष्टे, विद्यार्थी ती गाठतात काय हे पाहण्याची व्यवस्था, आर्थिक स्थिती, उद्योगांशी संबंध या साऱ्यांची माहिती त्यात द्यावी लागते. नंतर इतर संस्थांतील अधिष्ठाते व अनुभवी प्राध्यापक यांचे पथक येऊन प्रत्यक्ष पाहणी करते. प्रथम मानांकन मिळविण्यास कित्येक वर्षे लागतात आणि ते मिळाल्यावरही ठराविक वर्षांनी फेरतपासणी होते. हे श्रम लहान नव्हेत. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर कारभार हाकणाऱ्या संस्थेला ही परीक्षा सहजासहजी उत्तीर्ण होता येणार नाही. महाराष्ट्रातील अध्यापकवर्गाला या मुद्द्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

परंतु या इतिहासात एक वळण आहे, आणि सारा प्रश्न त्या वळणावर उलगडतो. एएसीएसबीचे निकष पूर्वी सर्वांना एकाच मापाने मोजत. संशोधनप्रधान मोठी विद्यापीठे त्यात बसत, अध्यापनावर भर देणारी लहान महाविद्यालये बाहेर राहत. १९९१ साली संघटनेने धोरण बदलले आणि प्रत्येक संस्थेला तिने स्वतः ठरविलेल्या ध्येयाच्या संदर्भात तपासावयाचे असे ठरविले. १९९७ मध्ये फ्रान्समधील एसेक या संस्थेच्या रूपाने उत्तर अमेरिकेबाहेर पहिले मानांकन दिले गेले. त्यानंतर हा विस्तार इतका झाला, की साठांहून अधिक देशांतील हजारावर संस्था आज या यादीत आहेत. जगातील सर्वांत नामांकित संस्था तीत आहेत आणि आपल्या प्रांताबाहेर कोणी नावही ऐकले नसेल अशी महाविद्यालयेही आहेत. दोघांच्या दारावर पाटी तीच. म्हणजे ही मोहोर एवढेच सांगते, की संस्था जे करावयाचे ठरविते, ते करण्याची तिची व्यवस्था तपासलेली आहे. ते ध्येय विद्यार्थ्याच्या गरजेचे आहे काय आणि त्यासाठी मागितलेली किंमत वाजवी आहे काय, याविषयी मोहोर मौन पाळते.

बाजारातील अंधार

तरीही या मोहोरांची गरज का निर्माण झाली, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक मूलगामी विचार मांडला. विकणाऱ्याला मालाचे खरे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. मग घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, चांगल्या मालाचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे निकृष्ट माल उरतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये याचा पुढचा भाग मांडला. ज्याचा माल चांगला आहे, त्याने असा काही संकेत द्यावा, की जो देणे निकृष्ट माल विकणाऱ्याला परवडणार नाही. या विचारांबद्दल दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षणाचा बाजार हा जुन्या मोटारींच्या बाजाराहून अधिक अंधारा आहे. मोटार बिघडली, तर महिन्याभरात कळते. पदवी कशी निघाली, हे कळण्यास दहा वर्षे लागतात आणि तोवर ती परत करता येत नाही. अशा बाजारात तिऱ्हाइताने दिलेली ग्वाही मोलाची ठरते. आपल्याकडे ती अधिकच मोलाची वाटते, कारण घरच्या ग्वाहीवरील विश्वासाला तडे गेले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या एका तपासणी समितीचे अध्यक्ष व सदस्य यांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली. गुणांकन विकत मिळते, अशी नुसती शंका निर्माण झाली तरी प्रामाणिकपणे उत्तम श्रेणी मिळविणाऱ्या संस्थांची ग्वाही खोटी पडू लागते. तेव्हा परदेशी मोहोरेकडे वळणाऱ्या पालकाला भाबडा म्हणून हसण्यात अर्थ नाही.

मात्र ग्वाही देणाऱ्याचेही हितसंबंध असतात. येथे तपासणीचे शुल्क तपासली जाणारी संस्थाच भरते. अमेरिकेतील २००८ च्या आर्थिक अरिष्टात पतमापन कंपन्यांनी ज्या गृहकर्ज रोख्यांना उत्तम दर्जा दिला होता, ते मातीमोल ठरले. त्या कंपन्यांची फीदेखील रोखे काढणारेच देत होते. शिक्षणातील मानांकन संस्थांवर तसा आरोप करण्याचे कारण नाही, परंतु व्यवस्थेची रचना ध्यानात ठेवावयास हवी. शिवाय ‘सदस्य’ आणि ‘मानांकित’ हा भेद जाहिरातीत सोयीस्करपणे पुसला जातो. वर्गणी भरून संघटनेचे सदस्य होता येते, मानांकन त्यानंतर अनेक वर्षांनी मिळते, किंवा मिळतही नाही. त्याहून वाईट प्रकार बनावट मोहोरांचा. कराचीतील एका कंपनीने शेकडो संकेतस्थळांद्वारे खोट्या विद्यापीठांच्या पदव्या विकल्याचे वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मे २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या विद्यापीठांना ‘मानांकन’ देणाऱ्या संस्थाही त्याच कारखान्यात तयार झालेल्या होत्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार आता जागतिक व्यापार झाला आहे. खऱ्या मानांकन संस्था आपल्या याद्या उघडपणे प्रसिद्ध करतात. जाहिरातीवर विसंबण्यापूर्वी त्या यादीत संस्थेचे नाव पाहण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

आधी कीर्ती, मग मोहोर

भारतातील अनुभव या बाबतीत बोलका आहे. अहमदाबाद आणि कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ च्या. पहिलीला हार्वर्डचे आणि दुसरीला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे साहाय्य लाभले. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठाने काढली. दिल्ली विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ मॅनेजमेंट स्टडीज त्याहून जुनी, १९५४ ची. या संस्थांचा लौकिक कडक प्रवेश परीक्षा, चांगले अध्यापक आणि उद्योगांत वरच्या जागी पोहोचलेले माजी विद्यार्थी यांच्या बळावर उभा राहिला. अहमदाबाद संस्थेने इक्विस मानांकन मिळविले ते २००८ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर ४७ वर्षांनी. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसला २०११ मध्ये एएसीएसबीचे मानांकन मिळाले. कलकत्ता संस्थेने २०१६ पर्यंत तिन्ही मोहोरा मिळविल्या.

ज्यांना नोकरीच्या बाजारात मोहोरेची गरज नव्हती, त्यांनी ती का घेतली? परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करण्यासाठी, परदेशी अध्यापक व विद्यार्थी आकर्षित करण्यासाठी आणि जागतिक क्रमवारीत स्थान मिळविण्यासाठी. या संस्थांच्या बाबतीत कीर्ती आधी आली, मोहोर नंतर. नव्या खाजगी संस्था हाच क्रम उलटा करू पाहतात. मोहोर दाखवून कीर्ती मिळवावयाची, असा त्यांचा प्रयत्न असतो. त्यात अप्रामाणिक असे काही नाही, मानांकनाच्या निमित्ताने संस्था सुधारतेही. पण अहमदाबादच्या पदवीधराला मिळणारा पगार मोहोरेमुळे मिळतो असे समजून तीच मोहोर असलेल्या दुसऱ्या संस्थेकडून तशाच पगाराची अपेक्षा धरणे, ही कार्यकारणभावाची चूक होय.

मोहोरेचा अभ्यासक्रमावर होणारा परिणामही तपासण्याजोगा आहे. १९५९ साली फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांनी पुरस्कृत केलेल्या दोन अहवालांनी अमेरिकन व्यापारशिक्षणाच्या उथळपणावर कोरडे ओढले. त्यानंतर विद्यावाचस्पती अध्यापक आणि शास्त्रीय संशोधन यांना महत्त्व आले. कालांतराने लंबक दुसऱ्या टोकाला गेला. हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मध्ये, तर वॉरन बेनिस आणि जेम्स ओ’टूल यांनी २००५ मध्ये अशी टीका केली, की व्यवस्थापन संस्था संशोधनपत्रिकांसाठी जगू लागल्या आणि प्रत्यक्ष व्यवस्थापनापासून दूर गेल्या. मानांकनाच्या निकषांत संशोधनाला वजन असते आणि ते असावेही. परंतु पत्रिकेत लेख छापून आणणारा अध्यापक वर्गात उत्तम शिकवितोच असे नाही, हे शिक्षकी पेशातील कोणीही सांगू शकेल.

हिशेब कोणाच्या माथी

आता किमतीचा विचार. आयआयएम अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क २०२५ साली २५ लाख रुपयांच्या पुढे गेले होते. दिल्ली विद्यापीठाच्या उपरोक्त संस्थेचे शुल्क त्याच्या लहानशा अंशाइतके होते. दोन्ही ठिकाणांहून विद्यार्थी मोठ्या कंपन्यांत जातात. शुल्क आणि गुणवत्ता यांचे नाते सरळ नाही, एवढे यावरून दिसते.

समजा, दोन संस्थांत पंधरा लाख रुपयांचा फरक आहे आणि त्याचे समर्थन मुख्यतः आंतरराष्ट्रीय मानांकनाने केले जात आहे. हे पंधरा लाख दसादशे दहा टक्के व्याजाने दहा वर्षांच्या मुदतीवर घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १९,८०० रुपये होतो आणि एकूण परतफेड जवळजवळ २३ लाख ८० हजारांची. अभ्यासक्रमाच्या काळात साचणारे व्याज निराळे. म्हणजे मोहोर असलेल्या संस्थेच्या पदवीधराला दरमहा, कर वजा जाता, निदान वीस हजार रुपये अधिक मिळाले पाहिजेत, आणि तेही सलग दहा वर्षे, तेव्हा कोठे हा व्यवहार ना नफा ना तोटा या पातळीवर येईल. पहिली नोकरी सुटली वा बाजार मंदावला, तरी हप्ता थांबत नाही. मोहोर संस्थेच्या दारावर लागते, तिचा हप्ता मात्र घरातून जातो.

सरकार स्वतः कोणत्या ग्वाहीवर विसंबते, हेही पाहण्यासारखे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारण वा हमीदाराविना शिक्षणकर्ज मिळण्यासाठी प्रारंभी ८६० संस्था निवडल्या गेल्या. त्या एनआयआरएफ क्रमवारीच्या आधारे. ब्रिटनने मे २०२२ पासून परदेशी विद्यापीठांच्या गुणवान पदवीधरांसाठी जो खास व्हिसा सुरू केला, त्याचीही यादी जागतिक विद्यापीठ क्रमवारींवरून बनते. व्यवस्थापन संस्थांच्या मोहोरांना यांपैकी कोणत्याही दारात थेट प्रवेश नाही.

मग मोहोर उपयोगी पडते कोठे? ज्यांना पुढे परदेशात पीएच.डी. करावयाची आहे किंवा तेथील व्यवस्थापन विद्यालयात अध्यापन करावयाचे आहे, त्यांना ती उपयोगी पडते, कारण त्या जगात तिचा अर्थ सर्वांना कळतो. ज्या बहुराष्ट्रीय कंपन्या कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च देतात, त्यांच्यापैकी काही मानांकनाची अट घालतात. इंटेल कंपनीने २००६ च्या अखेरीस अशा खर्चासाठी एएसीएसबी मानांकनाचा निकष लावला होता. परदेशात जाऊन शिकावयाचे आहे आणि संस्थेचे नाव येथे कोणी ऐकलेले नाही, अशा वेळीही मोहोर ही किमान सुरक्षिततेची खूण ठरते. चार-पाच वर्षे नोकरी करून एम.बी.ए.कडे वळणाऱ्यांसाठी अँबाचे मानांकन अर्थपूर्ण आहे, कारण एम.बी.ए.च्या विद्यार्थ्यांना किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, असा तिचा निकषच आहे. कोऱ्या पदवीधरांना प्रवेश देणाऱ्या संस्थेने ही मोहोर मिरविली, तर ती तिच्या नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमाला मिळाली आहे, असे विचारले पाहिजे. शाखा विद्यालयांच्या बाबतीतही मूळ विद्यापीठाचे मानांकन येथील वर्गाला लागू आहे काय, याचे लेखी उत्तर मागावे.

याउलट, ज्याला शिक्षण संपताच पुण्यात, मुंबईत वा बंगलोरमध्ये नोकरी हवी आहे, त्याच्यासाठी दुसरी माहिती अधिक मोलाची आहे. एनआयआरएफकडे संस्थांनी सादर केलेल्या माहितीत उत्तीर्ण विद्यार्थी किती, नोकरी मिळालेले किती आणि त्यांच्या पगाराचा मध्यांक किती, हे आकडे जाहीर असतात. सर्वाधिक पगाराचा आकडा एका विद्यार्थ्याचा असतो, मध्यांक निम्म्या वर्गाची स्थिती सांगतो. ही माहिती संस्थांनीच दिलेली असते, हे खरे; तरी ती जाहिरातीहून बरी. अहमदाबाद संस्थेने पुढाकार घेऊन नोकरीविषयक आकड्यांच्या नोंदीची मानके तयार केली आणि आपला अहवाल त्रयस्थाकडून तपासून घेण्याची प्रथा पाडली. प्रत्येक व्यवस्थापन संस्थेला असा तपासलेला अहवाल प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करणे शासनाने सक्तीचे केले, तर परदेशी मोहोरेवर विसंबण्याची अर्धी गरज नाहीशी होईल. राज्यात प्रवेश परीक्षा शासन घेते, शुल्कनियमनाची यंत्रणाही शासनाने उभारली आहे. शुल्काच्या मोबदल्यात विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले, हे तपासणारी यंत्रणा तेवढी नाही.

तोवर पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी विचाराचा क्रम तरी नीट ठेवावा. आधी कायदेशीर मान्यता, मग शुल्क आणि पगाराचा मध्यांक, मग पूर्णवेळ अध्यापकांची संख्या, आणि त्यानंतर मानांकन. इतर बाबी समसमान असतील, तर मोहोर असलेली संस्था अवश्य निवडावी. मोहोरेसाठी वेगळी किंमत मागितली जात असेल, तर ही पदवी घेऊन आपल्याला नेमके कोठे जावयाचे आहे, हे आधी ठरवावे आणि मगच कर्जाच्या कागदावर सही करावी. मोहोर ही चाळणी आहे. तिने खडे वेगळे काढता येतात. धान्याचे वजन मात्र ज्याचे त्यालाच करून घ्यावे लागते.